बदलून दिलेले शब्द

आमच्या शाळेत पाण्याच्या टाकीशेजारी एक फळा होता. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात सुविचार असायचा, तो कुणी वाचायचं नाही. खालच्या अर्ध्या भागात आमच्या इंग्रजीच्या सरांचा शब्द असायचा आणि तो मोठ्यानं म्हटल्याशिवाय नळाला तोंड लावायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. आधी इंग्रजी शब्द, त्याखाली देवनागरीत उच्चार, त्याखाली मराठी अर्थ. घोडेगावहून भीमाशंकरकडं जाणाऱ्या रस्त्यावरची ती शाळा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथं आठवीत होते.

सर धड्यातले शब्द लिहायचे नाहीत. त्यांच्याकडं कव्हर निघालेला एक इंग्रजी-मराठी शब्दकोश होता. त्यातून ते असे शब्द वेचून काढायचे, जे परीक्षेत कधी येणार नाहीत. अट एकच, त्या शब्दाची वस्तू आमच्या घरी असली पाहिजे.

‘विनो’ हा त्यातला मला आठवणारा पहिला शब्द. अर्थ, उफणणे. तोवर इंग्रज म्हणजे माझ्या डोळ्यांपुढं टोपी, बूट आणि कपबशी. त्यांच्याकडंही कुणी बाई सूप उंच धरून वाऱ्याला उभी राहत होती, आणि त्या कामाला त्यांनी वेगळा शब्द ठेवला होता, हे वाचून मी पाणी प्यायचंच विसरले. मागच्या मुलीनं मला ढकललं तेव्हा भानावर आले. मग ‘क्वर्न’ आला, म्हणजे जातं. ‘टेदर’, म्हणजे दावं. ‘फॅलो’, म्हणजे पड ठेवलेलं रान. रोज आमच्या घरातली एकेक वस्तू समुद्रापलीकडं सापडत होती. मला त्या वयात देवळात गेल्यावर जे वाटत नव्हतं ते त्या फळ्यापुढं वाटायचं.

मी घरी येऊन आईला सांगितलं, तू जे करतेस त्याला इंग्रजीत विनो म्हणतात. आई खळ्यावर भात उफणत होती. तिनं सूप खाली घेतलं आणि विचारलं, "त्यांच्याकडं बी वारं मधीच पडतं का गं?"

"पडत असंल."

"मग त्यांचं बी आपल्यावानीच," असं म्हणून ती पुन्हा वाऱ्याची वाट बघत उभी राहिली.

एके दिवशी शाळेसमोरून मेंढरांचा कळप चालला होता. सरांनी आमचा वर्ग रस्त्याच्या कडेला उभा केला, एका मेंढीकडं बोट केलं आणि म्हणाले, "नर न्हाई, मादी. इवे." फळ्यावर त्या दिवशी तीन अक्षरांचा तो शब्द होता. e, w, e. आम्ही सत्तर पोरं ओरडलो, इवे. मेंढपाळ हसला, मेंढ्या बिचकल्या. आमच्या मराठीत जसं लिहितात तसं बोलतात. भाषा म्हटली की ती प्रामाणिकच असणार, असं सरांनी धरलं होतं आणि आम्ही सरांना धरलं होतं. रेडिओवर ते इंग्रजी बातम्या ऐकायचे, पण बातम्यांत मेंढी कशाला येईल.

पुढं मी ओतूरच्या कॉलेजात बी.ए. केलं आणि बी.एड.ला पुण्याला गेले. आमचे सराव पाठ शहरातल्या शाळांमध्ये असायचे. माझा इंग्रजीचा पहिला पाठ होता आणि त्यात एक मेंढपाळ होता. मला कोण आनंद झाला. पुस्तकात नसलेला शब्द आपण देऊ म्हणून मी फळ्यावर तीन अक्षरं काढली आणि ठासून म्हटलं, "इवे."

पहिल्या बाकावरची मुलगी हसली आणि पाठोपाठ सगळा वर्ग. मागं वही घेऊन बसलेल्या आमच्या प्राध्यापक बाई, त्याही हसल्या. मग त्यांनी बसूनच खरा उच्चार सांगितला, यू. पोरांना तो आधीच येत होता. मेंढी जवळून कधी न पाहिलेली पोरं ती, आणि मेंढरांच्या लोंढ्यात उभी राहून शिकलेली मी त्यांच्यापुढं लाल झाले होते. वसतिगृहात पुढं वर्षभर मला इवे म्हणूनच हाक मारायचे. घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. रडले ते पोरं हसली म्हणून नव्हतं. मला वाटलं, सरांनी मला फसवलं.

माझा स्वभाव तापट. राग आला की तो कुठंतरी टाकल्याशिवाय मला चैन पडत नाही. नशिबानं किंवा दुर्दैवानं मला नोकरी मिळाली ती त्याच शाळेत, त्याच सरांच्या हाताखाली. त्यांच्या नोकरीची चार वर्षं उरली होती. मला बघून ते लहान मुलासारखे खूश झाले. स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगत सुटले, "ही माझी विद्यार्थिनी. आता बाई झाली." मी तोंडदेखलं हसले.

पंधरा दिवसांतच माझा बांध फुटला. त्या सकाळी फळ्यावर शब्द होता, trough. खाली उच्चार, ‘ट्रॉघ’. अर्थ, गुरांना पाणी पाजायची डोणी. मी लाल खडू घेतला, ‘ट्रॉघ’वर काट मारली आणि मोठ्या अक्षरांत ‘ट्रॉफ’ लिहिलं. सरांना एकटं गाठून सांगता आलं असतं. मला ते नको होतं. मला हसले होते ते चारचौघांत, आता चारचौघांतच फिटू दे, असं माझ्या मनात होतं.

प्रार्थना संपली. पोरांच्या रांगा टाकीकडं वळल्या आणि तिथंच थांबल्या. लाल खडू शाळेत फक्त शिक्षकांकडं असतो, हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही माहीत होतं. सर चष्मा पुसत पुढं आले. त्यांनी फळा वाचला, पुन्हा वाचला. मी व्हरांड्याच्या खांबाशी उभी होते.

सरांनी डस्टर घेतलं. माझं लिहिलेलं पुसतील असं मला वाटलं. त्यांनी दोन्ही पुसलं आणि पांढऱ्या खडूनं, त्यांच्या त्या कोरीव अक्षरात लिहिलं, ‘ट्रॉफ’. मग पोरांकडं वळून म्हणाले, "काल जे शिकवलं ते बरोबर समजून शिकवलं. आज कळलं ते हे. म्हणा." पोरं म्हणाली, ट्रॉफ. आणि पाणी प्यायला लागली.

मधल्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी आले. मी माफीची वाक्यं जुळवत होते. त्यांनी विचारलं, "आणखी किती हायेत?"

"सर?"

"चुकलेले शब्द. किती असतील?"

मी म्हणाले, असतील बरेच. ते समोरच्या खुर्चीत बसले. मग हळूच म्हणाले, "पुण्यात तुला कुणी हसलं का गं माझ्या शब्दापायी?"

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, "नाही सर. कुणीच नाही."

सकाळी भर शाळेत मारायला निघालेली मी, दुपारी एवढंही सांगू शकले नाही. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती. ती फळ्यापुढं नव्हती, पोरांपुढं नव्हती. ती माझ्या उत्तराची होती.

माझ्याकडं पुण्याहून आणलेला जाडजूड शब्दकोश होता. त्यात प्रत्येक शब्दापुढं उच्चाराची चिन्हं होती, काही अक्षरं उलटी, काहींना शेपट्या. ती मी परीक्षेपुरती पाठ करून विसरून गेले होते. दिवाळीच्या सुट्टीत सर तो कोश घेऊन गेले. सुट्टी संपल्यावर आले तेव्हा त्यांना सगळी चिन्हं येत होती. "सुरुवातीच्या पानांवरच सगळं समजावून दिलंय की," ते म्हणाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं ते मला म्हणू शकले असते, पण म्हणाले नाहीत. त्यांनी एक दोनशे पानी वही केली होती. पंचवीस-सव्वीस वर्षांत फळ्यावर लिहिलेला प्रत्येक शब्द आठवून आठवून तिच्यात उतरवला होता. समोर नवा उच्चार. ‘विनो’, ‘क्वर्न’ बरोबर निघाले होते, त्यांच्यापुढं त्यांनी छोटं फूल काढलं होतं. फुलं निम्म्याहून कमी होती.

मग फळ्यावर रोज दोन शब्द येऊ लागले, एक नवा आणि एक दुरुस्त केलेला. इथवर मी समजू शकत होते. पण शाळेतली पोरं ही फक्त शेवटची रांग होती. बाकीची पंचवीस वर्षांची पोरं शेतात, दुकानात, एसटीत, संसारात पांगलेली. सर त्यांना गाठायला निघाले. चुकलेला शब्द शिकलेल्यांना बदलून दिला की वहीत त्याच्यापुढंही फूल यायचं.

एकदा घोडेगावच्या बाजारात मी त्यांच्या बरोबर होते. भाजी घेऊन बसलेल्या एका बाईपुढं ते उकिडवे बसले. "तुला मी व्हे शिकवलं व्हतं बघ. ताकाची निवळी. ते वे हाय."

ती मेथीवर पाणी मारत म्हणाली, "असूंद्या की सर. आता मला कोण विचारतंय?"

"कुणी न विचारूंदे. म्हण."

"वे," ती लाजून म्हणाली आणि त्यांच्या पिशवीत मेथीची जुडी टाकली.

पुढं मारवाडी कापडवाल्यांचं दुकान. गल्ल्यावर बसलेले शेठ त्यांचेच विद्यार्थी. त्यांनी दोन शब्द नव्यानं म्हणून दाखवले आणि हसून म्हणाले, "सर, आम्ही डागी कापड गिऱ्हाईकाला बदलून देतो, तसं झालं हे."

सर हसले नाहीत. म्हणाले, "कापड घरात फाटतं. शब्द लोकांत फाटतो."

मी दुकानाच्या पायरीवर उभी होते. माझ्या अंगावर काटा आला, तो आठवला की अजून येतो. चूक कबूल करणारी माणसं मी पाहिली होती. चुकीच्या मागं गावोगाव चालत जाणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते. आणि ही चूक तरी कसली, डोंगराच्या पायथ्याशी एका फाटक्या कोशावरून एकट्यानं शिकलेल्या माणसाची. मी त्यांच्या जागी असते तर लाल खडूवालीची बदली होईल एवढंच बघितलं असतं.

वर्षातून एकदोनदा, काहीतरी निमित्त काढून, ते मला विचारायचे, "खरंच न्हाई ना हसलं कुणी?" मी दरवेळी नाही म्हणायचे. सरावानं मला ते छान जमायला लागलं होतं. निरोप समारंभाच्या दिवशी, गळ्यात हार असताना, त्यांनी शेवटचं विचारलं. मी नाही म्हणाले. ते मान डोलावून खुर्चीवर जाऊन बसले.

नंतर तीनेक वर्षांनी आमच्या तालुक्यात शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. शिकवायला पुण्याच्या त्याच प्राध्यापक बाई आल्या होत्या. चहाच्या वेळी त्यांनी मला ओळखलं. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "तुमचे ते सर कसे आहेत?"

मला कळेना. त्या सांगू लागल्या. मी नोकरीला लागले त्याच वर्षी, हिवाळ्यात, धोतर-कोट घातलेले एक गृहस्थ कॉलेजात आले होते. वर्ग चालू होता. दारात उभे राहून म्हणाले, दोन मिनिटं द्या. "मी म्हटलं, काय काम आहे? तर म्हणाले, गेल्या साली माझी एक विद्यार्थिनी तुमच्याकडं होती. तिनं एक शब्द चुकीचा म्हटला. ती चुकली नव्हती. तिनं बरोबर शिकलं होतं, मी चूक शिकवलं होतं. तेवढं सांगायला आलोय." मग नव्या मुलांच्या त्या वर्गापुढं, ज्यांना कशातलं काही ठाऊक नव्हतं, त्यांनी तीनदा म्हटलं, यू, यू, यू. "आणि नमस्कार करून गेले. पाणीसुद्धा घेतलं नाही." बाई कपातल्या चहाकडं बघत होत्या. "त्या दिवसापासून मी वर्गात कुणाच्या उच्चाराला हसले नाही."

म्हणजे पहिल्याच हिवाळ्यात त्यांना माहीत होतं. घरी येऊन आईला विचारलं, तर ती म्हणाली, "बाजारात भेटलं व्हतं. पोरगी कधी रडली का म्हणून इचारलं. मी काय खोटं बोलू व्हय सरांसंगं? मेंढीच्या शब्दाचं समदं सांगितलं."

खोटं मीच बोलत होते, चार वर्षं. आणि ते ऐकून घेत होते.

दुसऱ्या दिवशी मी शिनोलीला त्यांच्या घरी गेले. ते गोठ्यात म्हशीला दावं बांधत होते. मी उंबऱ्यापाशी उभी राहूनच म्हणाले, "सर, पुण्यात मला हसले होते."

त्यांनी दाव्याची गाठ पुरी केली. "ठाऊक हाय."

"मग दरवेळी विचारत का होता?"

ते हात पुसत बाहेर आले. आता पाठ वाकली होती, त्यामुळं त्यांना माझ्याकडं मान वर करून बघावं लागत होतं. "तू न्हाई म्हणत व्हतीस. झालंच न्हाई म्हणतीस, तर मी माफी कशाची मागू?"

आणि माझ्या त्या सरांनी, मी पुढं होऊन त्यांचे हात धरायच्या आत, माझ्यापुढं हात जोडले. "चुकलं माझं, पोरी," ते म्हणाले. मग आत गेले, ती दोनशे पानी वही घेऊन आले आणि शेवटच्या उरलेल्या शब्दापुढं, ‘यू’पुढं, माझ्यादेखत फूल काढलं.