झाडून ठेवलेला डेरा

गुलाम रसूल चाचांचं माहुरात स्वतःचं घर आहे, पण ते त्यांना कधी मानवलं नाही. होळी झाली की अठ्ठावीस शेळ्या, कमरुन्निसा चाची, एक ताडपत्री आणि तवा एवढा संसार घेऊन ते डोंगरातल्या अंजनाच्या ओढ्यावर निघायचे, ते मिरगापर्यंत तिथंच. बाप तेच करायचा, आजाही तेच. हल्ली पुण्याची पोरं पैसे भरून झाडाखाली झोपायला येतात, त्याला कॅम्पिंग म्हणतात. चाचा फुकट झोपायचे, म्हणून त्याला अतिक्रमण म्हणायचे.

ओढ्यावर राहायचे त्यांचे घरचे कायदे होते. पूर्वी पाच-सहा कुटुंबं यायची. डेरे इतके लांब टाकायचे की शेजाऱ्याचा धूर दिसावा, भांडण ऐकू येऊ नये. हा कायदा चाचीच्या आवाजामुळे झाला असणार, असं मी एकदा म्हणालो, तर तिनं मला त्या दिवशी चहा दिला नाही. उन्हाळ्यात ओढा वरून कोरडा असतो. वाळूत हातभर उकरलं की झिरा लागतो, तेच पाणी. जागा सोडताना झिरा बुजवायचा, चुलीचे दगड धुऊन ओढ्यात टाकायचे, राख झाडाबुडी पसरायची, लेंड्या झाडून खालच्या शेतकऱ्याला द्यायच्या. "आपण उठलो की जागेला कळाया नाही पाहिजे, कुणी बसलं होतं म्हणून," असं चाचांचे अब्बा सांगायचे. अब्बा बिचारे गेले तेव्हा सरकारला खुणा लागतात हे कुणाला माहीत नव्हतं.

दोन वर्षांमागं वनखात्याची नोटीस आली, शेळ्या जंगलात न्यायच्या नाहीत. बसस्टँडजवळ माझं फॉर्म भरायचं दुकान आहे. चाचा नोटीस घेऊन आले. मी म्हणालो, "चराईच्या हक्काचा दावा टाकू. दोन पुरावे लागतात. एक म्हाताऱ्या माणसाचा जबाब, दुसरा जागेवरच्या खुणा."

जबाब डोंगरातल्या सरजाबाईनं दिला. ऐंशीच्या पुढची बाई. अंगठा देताना म्हणाली, "ह्याचा आज्जा आमच्या गुरांच्या वाडग्यात ताक प्यायला यायचा. ल्हानपणी म्याच वाढलंय. लई खादाड व्हता." मी खादाड तेवढं वगळलं.

दुसऱ्या पुराव्यासाठी पाडव्यानंतरच्या बुधवारी पाहणी ठरली. दाव्याचा निकाल लागायचा होता, म्हणून चाचा तेव्हा ओढ्यावरच होते. चूल होती, काट्याचं कुंपण होतं, झिरा होता. मी निरोप धाडला, साहेब येऊन राहिले. खुणा लागतात हे दुकानात सांगितलं होतं. पण डेरा आहे तसाच राहू द्या, असं बजावायचं मला सुचलं नाही. ही गोष्ट बजावावी लागते हेच मला माहीत नव्हतं.

बुधवारी आम्ही पोचलो तर चाचा इस्त्रीच्या पायजम्यात, कानात अत्तराचा बोळा. आणि जागा अशी लख्ख, की ईदगाह वाटावी. दोन दिवस नवराबायको राबले होते. पाणीसुद्धा शिंपडलं होतं.

"चूल कुठंय?" साहेबांनी विचारलं.

"हितं होती साहेब. काढली."

"शेळ्यांचं कुंपण?"

"उचललं. काटे कुणाच्या पायात नको जायला."

"झिरा?"

"बुजवला. हरणाचं पाडस पडतं त्यात."

"मग दाखवायला काय आहे?"

"कायच न्हाई," चाचा छाती काढून म्हणाले. "चष्मा लावून बघा तुम्ही."

चाचीकडं पाहून मी कपाळाला हात लावला. ती म्हणाली, "साहेब लोकां येणार, तर घाण दाखवायची का रे?"

साहेब माणूस वाईट नव्हता. तो शंभर पावलं वर चालत गेला. तिथं कॅम्पिंगवाल्यांची जागा होती. सिमेंटनं बांधलेला चुलीचा ओटा, काळाठिक्कर. झाडाला तशीच सोडलेली दोरी, खोडाची साल काचलेली. भोवती बाटल्या, पाकिटं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि पहिलीच्या पोराला उत्तर सांगावं तसं विचारलं, "हा ओटा तुमचाच असंल ना, चाचा? जुना दिसतोय."

मी मागून कुजबुजलो, "हाव म्हणा."

चाचांनी बाटल्यांकडं पाहिलं. "तौबा. पाच वक्ताचा नमाजी आहे मी. हे माझं म्हणून लिहू नका, साहेब."

"बाटल्यांचं नाही विचारत. ओट्याचं विचारतो."

"ओटा बी त्यांचाच. सिमेंट लावून जाणारा माणूस पुन्हा येत नसतो."

"हाव बोलो ना जी," चाची म्हणाली. तिला आता कळलं होतं.

"तू चुप बैठ. आपण काय असे लोकां आहोत का?"

साहेबांनी टोपण लावलं.

पोळ्याच्या आसपास कागद आला. मी वाचून दाखवला: दावेदाराच्या वहिवाटीची कोणतीही प्रत्यक्ष खूण जागेवर आढळून आली नाही. चाचा म्हणाले, "खरं लिहिलंय." वर पंचनाम्यात ओट्याची नोंद होतीच, पर्यटकांच्या नावे. अपील करायला मुदत होती. पण अपिलात लिहायचं काय, की साहेब, आम्ही झाडून ठेवलं होतं? माझ्या दुकानातल्या कुठल्याच फॉर्मात तसा रकाना नाही.

सव्वीस शेळ्या दिवाळीआधी बाजारात गेल्या. दोन राहिल्या, त्या गल्लीत विजेच्या खांबाला बांधलेल्या असतात. चाची सकाळ-संध्याकाळ झाडते, तरी शेजारणी नाकाला पदर लावतात. गेल्या महिन्यात कुणीतरी तक्रार केली आणि गल्ली घाण केल्याबद्दल दंड करायला नगरपंचायतीचा माणूस आला. तो विचारायच्या आत चाचा बाहेर येऊन म्हणाले, "हाव, माझ्याच शेळ्या. माझीच घाण. लिहा."

ती पावती घेऊन ते दुकानात आले. नाव बरोबर, वडिलांचं नाव बरोबर, तारीख, शिक्का, शेळ्या नग दोन. तीन पिढ्यांत त्यांच्या शेळ्यांची सरकारदरबारी पहिलीच नोंद.

"बालाजी बेटा, हे चालतं का रे पुराव्याला?"

"न्हाई चाचा. जागा दुसरी आहे."

"बरं," म्हणाले, आणि पावतीची घडी घालून खिशात ठेवली.