काचेच्या कपाटातला पाट

ताईंनी डब्यातून ओला रुमाल ओढला आणि मी बसले होते ती लाकडी ठोकळ्यावरची जागा पुसली. पुसून झाल्यावर ठोकळा उजेडात धरून पाहिला. मग दुसरा रुमाल काढला आणि पुन्हा पुसली. मी समोर उभी होते. हातात लाटणं होतं.

गणपतीचा दिवस होता. अमेरिकेतल्या शुगर लँडच्या त्या मोठ्या घरात पाहुणे भरले होते. तळणीचा वास घरात नको म्हणून पुऱ्या गॅरेजमध्ये करायच्या. तिथं वेगळी शेगडी असते. गाड्या बाहेर काढलेल्या, दार अर्धं वर, आणि ह्यूस्टनकडची ती ओली उष्णता. पोळपाट सिमेंटवर. माझे गुडघे गेलेत, मांडी घालून बसवत नाही. बसायला काही मिळतं का म्हणून आत गेले. पॅसेजमधलं काचेचं कपाट साफसफाईसाठी उघडं होतं. आत एक लाकडी ठोकळा होता. एकाच लाकडातून कोरलेला. वर वीतभर बैठक, खाली बारका पाय, धरायला चामड्याची वादी. मला वाटलं, हा पाट आहे. ताईंचे नवरे, साहेब, आफ्रिकेत कामाला होते, तिथल्या लोकांचा पाट. पाट बसायलाच असतो. घेतला, बसले, परातभर पुऱ्या लाटल्या.

ताई ताट न्यायला आल्या आणि ओरडल्या.

"मावशी! ते आर्ट आहे! त्याच्यावर बसतात का?"

मागून दोन-तीन बायका आल्या. एक निवृत्त डॉक्टर काकू होत्या, स्वभावानं हसऱ्या. त्या म्हणाल्या, "मावशींना आफ्रिकेची गादी मिळाली वाटतं. आता आपणच पुऱ्या लाटूया."

सगळ्या हसल्या. मीही हसले. हे मला आजही टोचतं.

पुसण्याचं मात्र वेगळं. पुसताना कुणी हसलं नाही. पुसणं खरं होतं.

उरलेल्या पुऱ्या मी उकिडवी बसून लाटल्या. गरम पुऱ्या वाढायला आत गेले तेव्हा साहेब त्याच ठोकळ्याची गोष्ट सांगत होते. ते तेलाच्या कंपनीत इंजिनियर. केनिया, दक्षिण सुदान आणि इथिओपिया जिथं एकमेकांना भिडतात, त्या कोपऱ्यात काही वर्षं होते.

"तिथं आहे काय? दगड, काटे आणि बकऱ्या. बॉर्डर कुठं आहे हेसुद्धा त्यांना माहीत नाही यार. आज इकडे, उद्या तिकडे. आम्ही गेलो म्हणून निदान रस्ता तरी झाला."

"आणि हा पीस?" कुणीतरी विचारलं.

"एका म्हाताऱ्याकडून घेतला. बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या दिल्या. जाम खूश झाला."

मी पुरी वाढली. साहेब म्हणाले, "मावशी, अजून एक. मस्त फुगल्यात."

मी या घरात आले ती साहेबांच्या आईंना सांभाळायला. पुण्यात सांभाळत होते, साहेब-ताई त्यांना घेऊन इकडे आले तेव्हा मलाही आणलं. आजी गेल्या की परत पाठवतो, असं बोलणं होतं. आजी मागच्या हिवाळ्यात गेल्या. मी एकदा विचारलं. ताई म्हणाल्या, "बघू. तिकिटं फार महाग आहेत. तुम्ही काय, घरच्यासारख्याच आहात." माझा पासपोर्ट विमानतळावरच साहेबांनी मागून घेतला होता. त्यांच्या कपाटात होता. माझी मुलगी बार्शीला. ती फोनवर म्हणायची, "आई, कधी येतेस?" मी म्हणायचे, बघू. ताईंचाच शब्द.

घरच्यासारख्या. पण त्या घरातल्या एकाही खुर्चीवर मी कधी बसले नव्हते. बसू नका, असं कुणी म्हणालं नव्हतं. म्हणावं लागलंच नव्हतं.

दर आठवड्याला साफसफाईच्या कंपनीची गाडी यायची. तिच्यातून आकिरू उतरायची. उंच, काळी, माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी. ती त्या कोपऱ्यातलीच, तुर्काना लोकांतली, हे मला ठाऊक होतं. साहेब-ताईंना ठाऊक नव्हतं. कुठली म्हणून त्यांनी विचारलंच नव्हतं. आम्ही मोडक्या इंग्रजीत बोलायचो. चहा, चपाती, दुकान हे शब्द तिच्या देशातही चालतात, ते तिला आधीपासून येत होते. बाकी हातांनी.

एक गोष्ट मी पूर्वीच पाहिली होती. कपाट पुसताना ती सगळ्या वस्तू उचलायची, फक्त तो ठोकळा नाही. त्याच्या कडेनं फडकं फिरवायची. गणपतीनंतर ती आली तेव्हा गॅरेजमध्ये चहा घेताना मी झालेलं सांगितलं. बसून दाखवलं. पुसून दाखवलं.

ती आधी हसली. "बाईनं त्यावर बसायचं नसतं," ती म्हणाली. "माझ्या आजोबांनी पाहिलं असतं तर तुला काठीनं हाणलं असतं."

मला वाईट वाटलं. म्हणजे इथंही माझंच चुकलं.

मग ती गंभीर झाली. ते पुरुषाचं असतं, म्हणाली. तो स्वतः कोरतो. दिवसभर गुरांमागं चालताना वादीनं हातात धरतो, सावली मिळाली की त्यावर बसतो, झोपताना मानेखाली घेतो. पुरुष ते विकत नाही. विकतो तेव्हा त्याच्याकडे विकायला बकरी उरलेली नसते.

"साहेब म्हणाले, म्हातारा खूश झाला," मी म्हणाले.

"त्याला पाणी मिळालं ना," आकिरू म्हणाली.

त्या दिवसापासून ती दर खेपेला थोडं थोडं सांगायला लागली. तिच्या मुलखात घर बाई बांधते. फांद्या वाकवून, पानांनी शाकारून. म्हणून घर बाईचं असतं. पाऊस हुकला की गवत सीमेच्या पलीकडे राहतं, मग माणसं जनावरं घेऊन पलीकडे जातात. पलीकडच्यांच्याही जनावरांना तेच गवत लागतं. पूर्वी भाल्यांनी भांडायचे. शेजारच्या देशांत लढाया पेटल्या, बंदुका आल्या. मग भांडणाला अंत राहिला नाही. तिचे दोन भाऊ त्यात गेले. जनावरं गेलेल्या बायका ताडाच्या पानांच्या टोपल्या विणतात, कोळसा पाडून बाजारच्या गावी विकतात. तेल निघालं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता बरे दिवस येतील. टँकर निघून गेले. धूळ राहिली.

"सीमा कुठंय हे तुमच्या लोकांना कळत नाही, असं साहेब म्हणतात," मी म्हणाले.

तिनं कप खाली ठेवला. "आम्हाला नाही कळत? तिथंच तर आम्ही मरतो."

आणि तिनं गोऱ्यांच्या राज्याचं सांगितलं. तिचा सगळा मुलूख त्यांनी बंद करून ठेवला होता. परवानगीच्या कागदाशिवाय कुणी आत यायचं नाही. आतल्यांनी जनावरं कुठवर न्यायची, तेही तेच ठरवणार. तिच्या आजोबांनी ते दिवस पाहिले होते.

मला माझा आजा आठवला. आम्ही कैकाडी. टोपल्या विणणारे, गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणारे. बिऱ्हाड हललं म्हणून माझी शाळा चौथीत सुटली. माझा आजा सोलापूरला तारेच्या कुंपणात वाढला. त्याच गोऱ्यांनी आमच्या सगळ्या जातीला गुन्हेगार ठरवून कुंपणात घातलं होतं. रोज हजेरी. बाहेर जायचं तर पास. पास नसेल तर तुरुंग. आजा म्हातारपणीसुद्धा घरातून निघताना खिसा चाचपायचा. आम्ही पोरं त्याची नक्कल करून हसायचो.

मी आकिरूला हे मोडकं तोडकं सांगितलं. जमिनीवर बोटानं कुंपण काढलं. तिला सगळं समजलं.

तिनं विचारलं, "तुझा पास कुठंय?"

"साहेबांच्या कपाटात."

"का?"

"हरवेल म्हणून."

"तू आजवर काय हरवलंस?"

मला आठवेना. त्या घरातला एक चमचाही मी कधी हरवला नव्हता.

त्यानंतर भांडी घासताना, चादरी घड्या करताना तेच डोक्यात. आज्याला तार दिसत तरी होती. माझ्याभोवती गालिचा होता, थंड हवेचं यंत्र होतं, आणि "मावशी, मस्त फुगल्यात" होतं. म्हणून मला कुंपण दिसलं नाही.

एका सकाळी साहेब नाश्ता करत होते. ताई कॉफी ओतत होत्या. आकिरू फरशी पुसत होती. मी पोह्यांची बशी साहेबांपुढे ठेवली. त्यांच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसले.

साहेबांनी वर पाहिलं. "काय झालं मावशी? चक्कर आली का?"

"नाही. माझा पासपोर्ट द्या."

माझा आवाज बारीक आहे. जन्मभर माझं बोलणं लोकांनी "काय?" म्हणून दोनदा विचारलंय. तेव्हाही साहेब म्हणाले, "काय?"

"पासपोर्ट द्या. माझा आहे."

ताईंनी कॉफीचं भांडं ठेवलं. आधी आकिरूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोणी भरवलं हे डोक्यात? आम्ही तुम्हाला घरच्यासारखं ठेवलं."

मी खुर्ची टेबलाजवळ आणखी ओढली.

"आधी उठा तिथून," ताई म्हणाल्या.

"उठत नाही. पासपोर्ट मिळाला की उठते."

साहेब समजावणीच्या सुरात आले. "मावशी, बाहेर जाऊन काय करणार? तुमचा व्हिसा कधीच संपलाय. कुणी पकडलं तर आम्ही काही करू शकणार नाही. इथं आहात म्हणून सेफ आहात."

व्हिसा संपलाय. हे मला त्या खुर्चीवर बसल्यावर कळलं. त्यांना ठाऊक होतं आणि ते गप्प होते. क्षणभर वाटलं, उठावं, चुकलं म्हणावं, गॅरेजमध्ये जावं.

आकिरूचा पोछा माझ्या पायाशी आला. तिला दोन मुलं आहेत, ती एक शब्द बोलू शकत नव्हती. पाय उचल, असं ती दर वेळी खूण करून सांगायची. त्या दिवशी तिनं सांगितलं नाही. माझ्या पायांच्या कडेनं पोछा फिरवला आणि पुढे गेली. ठोकळ्याच्या कडेनं फडकं फिरवायची, तसाच.

मी बसून राहिले. पोहे गार झाले. साहेबांची ऑफिसची वेळ टळली. शेवटी ते आत गेले आणि पासपोर्ट आणून टेबलावर टाकला. हातात दिला नाही. मी उचलला, तेव्हा उठले.

त्या घरातून निघताना मागून डब्याचं झाकण वाजलं. ओल्या रुमालांचा डबा. मी वळून पाहिलं नाही. पुसा.

आकिरूचं त्या घरचं काम बंद झालं. ते माझ्यामुळे झालं. तरी मी आज तिच्याच खोलीत आहे, तिच्या मुलांशेजारी झोपते. माझं पुढं काय होईल ते ठाऊक नाही. रस्त्यात पोलिसांची गाडी दिसली की माझा हात आपोआप पासपोर्टवर जातो. आज्यासारखा. आता त्या नकलेचं हसू येत नाही.

हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. बोलताना माझी जीभ अडकते, म्हणून आधी लिहून काढतेय. सोमवारी एका वकील बाईंपुढे सगळं सांगायचं आहे. मराठीतून सांगेन, त्या दुभाषी आणणार आहेत. पासपोर्ट कुणी घेतला ते सांगेन. व्हिसा संपल्याचं कुणी लपवलं ते सांगेन. त्या माणसांची नावं घेईन, ताई नाही, साहेब नाही, पूर्ण नावं. त्यांनी मला घरच्यासारखं ठेवलं, हे वाक्य मात्र माझ्या तोंडून निघणार नाही. आणि हे सगळं मी खुर्चीवर बसून सांगेन.