चुन्याची बोटं

"माय, ताव तुमी पलटवले का?"

"हो, मीच पलटवले. एका बाजूनं वाळले होते. कावून?"

गच्चीवर जुन्या लुगड्यावर बारा पिवळे ताव पसरलेले. प्रत्येकाच्या कडेला केशरी बोटं उमटली होती. सासूबाईंच्या हातात तंबाखूची डबी, अन् बोटाला चुना.

मी शिंप्याकडच्या सुती चिंध्यांचा कागद बनवते. चिंध्या भिजवून कुटायच्या, लगदा पाण्यात सोडायचा, जाळीच्या चौकटीने उचलून वाळवायचा. झाला ताव. मग पळसाच्या फुलांच्या पाण्यात रंगवायचा. त्या पिवळ्याला चुना लागला की तो केशरी होतो. हे मला माहीत होतं. सासूबाईंना सांगितलं नव्हतं. चूक माझी.

पळस फागुनात फुलतो. माझं वर्ष त्याच्यावरच चालतं. फागुनात फुलं वेचायची, उन्हाळ्यात कागद, पावसात कागद वाळत नाही म्हणून गोधड्या, थंडीत विक्री. आता वैशाख होता. साठवलेली फुलंही संपली होती. आणि ताव दुसऱ्या दिवशी सिविक सेंटर बाजारातल्या एका दुकानात द्यायचे होते. तिथल्या मॅडम त्यांचे दिवे करणार होत्या. माझं पहिलं मोठं काम. "साधा पिवळा, एकही डाग नको," त्यांनी दोनदा बजावलं होतं.

"आता काय करू, माय?"

"डाग जात नाही तं त्याचं फूल कर. पळसाचंच कर."

वाटीत चुना कालवून दोघी बसलो. त्यांचं बोट जाड, माझं बारीक. पाकळी त्यांची, कळी माझी.

"हे पाय, तुया नवऱ्यावानी वाकडं झालं!"

हसून हसून माझाही हात हलला. ते फूल आणखी वाकडं झालं.

दुसऱ्या दिवशी दोघी दुकानात गेलो. मॅडमनी ताव उलगडला. "मी साधा सांगितला होता ना?"

मी चपलांकडे पाहत राहिले.

"बाई, पयले दिवा तं लावून पाहा," सासूबाई म्हणाल्या.

मॅडमनी ताव बल्बभोवती गुंडाळला. सगळ्या पाकळ्या पेटल्यासारख्या झाल्या. मॅडमनी दुसरा तावही गुंडाळून पाहिला.

"असे अजून बारा कधी देणार?"

"फागुनात," मी म्हणाले. त्या दिवशी दुकानात मी एवढंच बोलले.

आता ताव रंगवायच्या दिवसांत, फुलं काढायला चुन्याची डबी माझ्या सामानातच असते. साधे ताव सांगितलेले असले, की सासूबाईंना आधी हात धुवायला लावते.