चहाच्या रंगाचा प्लग

मी माझ्या भावजयीवर जळते. उगाच गोल गोल कशाला बोलायचं? ती माझ्याहून देखणी आहे, तिची सांबारवडी माझ्या वडीहून खुसखुशीत होते, त्याचं मला काही नाही. पण माझ्या बाबांच्या स्कूटरचा प्लग ती खोलते, हे बघितलं की माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

तो प्लग माझा होता हो! बाबांची स्कूटर जुनी, पेट्रोलमध्ये मोजून ऑइल टाकावं लागतं अशी. आमच्या सक्करदऱ्याच्या घरी दसऱ्याला गाडी पुजायच्या आधी ते प्लग खोलायचे, फडक्यात धरायचे आणि मला हाक मारायचे. "सांग वं, कोणता रंग आहे?" धाकटा भाऊ शेजारी उभा असायचा, पण त्याला नाही विचारायचे, मलाच. टोकावर चहासारखा रंग आला म्हणजे गाडी मजेत आहे. पांढरा पडला तर तापून राहिली. काळा आला तर पोटात ऑइल जास्त जातंय. एकदा प्लग काळा निघाला, आणि बाबांना बरं वाटावं म्हणून मी चहाचा म्हणून दिलं ठोकून. केवढे भडकले! "गाडी खोटं नाही बोलत, मंग तू काहून बोलून राहिली?" त्यानंतर बाबांशी मी कधी खोटं बोलले नाही. कडू असलं तरी खरंच सांगायचं, ही सवय मला त्या प्लगनं लावली, आणि बाबांची मी लाडकी ती त्यामुळेच, असं मी धरून चालले होते.

मग लग्न होऊन मी मनीषनगरला गेले. भावाची नोकरी कोराडीला, तो बसनं जातो, त्यामुळे स्कूटर आपोआप भावजयीच्या हातात गेली. आयत्या बिळावर नागोबा! पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं काम तेवढं बाबांनी सोडलं नाही. त्याला ते कोणाला हात लावू देत नाहीत. पण प्लगचं मी फोनवर विचारलं की ठरलेलं उत्तर, "पाहिला ना सूनबाईनं." फोन ठेवला की माझी चिडचिड आमच्या घरच्यांवर निघायची.

यंदा मी ठरवूनच दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी जाऊन धडकले. बघते तर अंगणात भावजय पाना घेऊन उकिडवी बसलेली, बाबा खुर्चीवर. तिनं प्लग खोलला. मी हात पुढे करणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "कसा आहे, सूनबाई?"

"चहासारखा, बाबा," ती म्हणाली आणि लगेच प्लग रुमालात गुंडाळला.

बाबांचा चेहरा असा खुलला! मी इकडे आलेय याचं काही कौतुक नाही. म्हणाले, "चाल, तरी दसऱ्याचा नवीन टाकू." दुकान चौकातच, म्हणून आम्ही तिघं पायीच निघालो. बाबांचा हात सगळा रस्ता तिच्या खांद्यावर. मी दुसऱ्या बाजूनं मोकळी चालत होते. मनात म्हटलं, करा, करा लाड.

दुकानदारानं काउंटरवर तीन प्लग मांडले. एक नेहमीचा, एक त्याच्याहून गरम नंबरचा, आणि एक बारीक टोकाचा भारीतला. मी लगेच भारीतल्यावर बोट ठेवलं. बाबा म्हणाले, "आधी जुन्याच्या बाजूला ठेवून आटे पाहा. लांब असला तर आत पिस्टनले ठोकन." हे मलाच तर शिकवलं होतं, आणि मीच विसरले! भावजयीला मात्र रुमाल सोडावा लागला.

प्लग काळा ठिक्कर होता. ऑइलनं ओला.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! सापडली एकदाची. "हा चहा? डोळे काय गहाण ठेवले का तू? काळाकुट्ट पडलाय, ऑइल गळून राहिलं त्याच्यातून!" भावजयीनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी कळवळले.

"पाहू," बाबा म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. हात प्लगच्या बाजूला, काउंटरच्या रिकाम्या काचेवर पडला. मग बोटं काच चाचपत इकडून तिकडे गेली. भावजयीनं हळूच प्लग त्यांच्या बोटांखाली सरकवला.

ज्यांना समोरचा प्लग दिसत नाही, त्यांना ऑइलच्या मापावरची रेघ कुठून दिसणार?

"काकाजी, मंग गरम नंबरचा देऊ का? काळा नाही पडणार," दुकानदारानं विचारलं.

"नाही भाऊ, नेहमीचाच द्या," भावजय म्हणाली. प्लगचा काही दोष नाही, हे तिला माहीत होतं.

ती आत थांबली तेव्हा मी बाबांना धरून पायरीवरून उतरवलं. त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. मला रडूही येत होतं आणि रागही. म्हटलं, "बाबा, दिसत नाही हे मला काहून नाही सांगितलं? तिला बरं सांगितलंत."

"तिले बी नाही सांगितलं. तिचं तिनं ओळखलं."

"तिनं तुम्हाला फसवलं, बाबा. प्लग काळा आहे."

"मले माहीत आहे वं. धुराचा वास नाही येत काय मले? गाडी कशी खोकलते ते ऐकू नाही येत काय?"

"मग तिला विचारता कशाला?"

"ऑइल टाकाचं एवढं एकच काम राहिलं माह्याकडं. ती चहा म्हणते, म्हणून तिले विचारतो. तुले विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतं."

तेवढ्यात भावजय नवा प्लग घेऊन बाहेर आली. "चला बाबा," म्हणाली. बाबांनी माझ्या खांद्यावरचा हात उचलला आणि तिच्याकडे नेला. तो बरोबर तिच्या खांद्यावर पडला.