नरडाण्याच्या पुढचं गाव, नाताळ आणि माझी टरकलेली स्वारी

तोरणमाळचा घाट मी भर धुक्यात बाइकवर उतरलोय, हे या ब्लॉगवर वाचून वाचून तुम्ही कंटाळला असाल. यंदा नाताळच्या दिवशी मात्र जळगाव ते नरडाणा या साध्या रस्त्यावर माझे हातपाय गार पडले होते, आणि थंडीचा त्यात फारसा दोष नव्हता.

कारण सांगून टाकतो. माझी मुलगी मनीषा नरडाण्याच्या पुढे एका खेड्यात राहते. जावई तिथल्या कारखान्यात फिटर आहे, ख्रिस्ती आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांचं लग्न झालं. 'तिच्याशी संबंध ठेवलास तर आमचा दरवाजा बंद,' असं भावकीने बजावलं आणि मी शेपूट घातली. लग्नाला गेलो नाही. नव्या माणसाने विचारलं तर 'एकच मुलगा' म्हणून मोकळा व्हायचो. गेल्या आठवड्यात तिने आईला फोन केला, "नाताळला बाबांना पाठव. लांबून बघून गेले तरी चालेल."

लांबून बघायचं ठरवून सकाळी सहाला निघालो. धरणगाव, अमळनेर, बेटावद, नरडाणा. अंतर शंभराच्या आतबाहेर, जाऊन-येऊन पेट्रोल चारशेच्या आसपास. अमळनेरला पोहे गरम मिळतात. एरवी मी दोन प्लेट हाणतो, त्या दिवशी अर्धीसुद्धा उतरेना. कोणी फोटो काढून स्टेटसला टाकला तर? आणि जेवायला काय वाढतील? आमच्या घरात अंडंही येत नाही. दोनदा गाडी वळवायला थांबलो, दोनदा मागून ट्रकने हॉर्न मारला म्हणून पुढे गेलो.

चर्च म्हणजे पत्र्याची शेड, दारात रांगोळी, वर कागदी तारे. आत सतरंजीवर एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. मी मफलर नाकापर्यंत ओढून शेवटच्या खांबाआड बसलो. ढोलकीवर अहिराणी भजनं चालली होती आणि पुढे टाळ वाजवत मनीषा गात होती. बारीक झाली होती.

जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा, तिथे लपता येत नाही. भजनं थांबली आणि पाळक, म्हणजे तिथले धर्मगुरू, म्हणाले, "नवे पाहुणे उभे राहून ओळख देतील. नाव, गाव आणि कोणाचे पाहुणे ते."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. उभा राहिलो आणि म्हणालो, "रमेश. जळगाव. कोणाचा पाहुणा नाही. प्रवासावर लिहितो, सण बघायला आलो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनीषाने मान खाली घातली. पुढचं भजन सुरू झालं तरी तिचा टाळ बराच वेळ वाजला नाही. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

प्रार्थना संपताच चपला शोधायला पळालो. हातात पळी घेतलेल्या साठीच्या एक बाई आडव्या आल्या.

"भाऊ, जेवाशिवाय कोठे निंघनात?"

"उपास आहे," मी आणखी एक थाप मारली.

"ऱ्हाऊ द्या तो उपास. तुम्हनी चूल तठे शे."

शेडमागे मटणाची मोठी पातेली चढली होती. तिथून बरीच लांब, निंबाखाली, एक छोटी चूल होती. तिच्यावर वरण, बाजूला वांग्याची भाजी आणि गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेल्या कणकेच्या बट्ट्या.

"मी मनीषानी सासू," त्या म्हणाल्या. "तुम्हले फोटोवरथीन वळखी लिधं. तीन वरीस व्हयनात, दर नाताळले हाई चूल न्यारी मांडतस. मनीषा सांगे, मना बाप उना ते उपाशी नको जावाले."

"मी आलो नाही तेव्हा?"

"गावना माळकरी लोके खाई जातस. वाया नई जात."

म्हणजे मी उभा राहून खोटं बोललो, तेव्हाही या माउलीला माहीत होतं. तिने चारचौघांत माझं पितळ उघडं पाडलं नाही. तेवढ्यात मनीषा तुपाची वाटी घेऊन आली. बट्टी कुस्करून दिली, तूप सोडलं. "बाबा, अजून एक?" एवढंच बोलली. मी रडत रडत चार खाल्ल्या.

येताना विहीणबाईंनी फडक्यात बट्ट्या बांधून दिल्या. घरी बायकोने दारातच फडकं सोडलं, उभ्याउभ्या तुकडा तोंडात टाकला आणि विचारलं, "बारीक झालीय का गं ती?" ती मला 'गं' म्हणाली, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

हा मजकूर चार दिवस लिहून पडलाय. भावकीतले झाडून सगळे हा ब्लॉग वाचतात. उद्या कोणाचा फोन येईल तेही मला ठाऊक आहे. पण पाळकांना द्यायचं उत्तर राहून गेलंय, ते देतो. नाव रमेश, गाव जळगाव. मनीषाचा बाप. तिच्याचकडे आलो होतो.