सरळ केलेला कान

बसस्टँडच्या भिंतीवर माझ्या भाचीचं, वैशालीचं, पोस्टर लागलं होतं. ती कुस्ती खेळते आणि पोस्टर गावातल्या कुस्ती स्पर्धेचं होतं. पोस्टरवर तिचा सावळा रंग गोरा केला होता आणि सरावात मोडलेला कान सरळ करून टाकला होता. मी संतापून स्पर्धेच्या आयोजकांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, मुलगी छान दिसायला नको का?" माझं डोकंच फिरलं. बारा वर्षांच्या मेहनतीची खूण पुसायची आणि वर उपकाराची भाषा! दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रानेही बातमीसोबत तोच फोटो छापला. बातमीत खोटा शब्द चालत नाही, मग खोटा चेहरा कसा चालतो?

वैशालीने वर्तमानपत्रातल्या त्या फोटोवर बोट ठेवलं.

"मावशी," ती म्हणाली, "हिला मी एका डावात पाडीन."