चांद्यानं मारलं नव्हतं

परवा भवानी पेठेतल्या एका दुकानात तेल पाजलेल्या चामड्याचा वास आला आणि मंद्रूपचं मामाचं शेत आठवलं. पंचाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. मामा मला आसूड वाजवायला शिकवत होता.

"खांदा न्हाय, मनगट झटक. आन आदी मागं बघ की!"

पहिला आवाज कडाडला तसा मी हरखलो आणि मागं न बघताच पुन्हा आसूड फिरवला. वादी मामाच्या भुवईवर बसली. मला वाचवायला तो मामीला म्हणाला, "चांद्यानं शिंग मारलं."

मारका बैल दावणीला नको म्हणून मामीनं चांद्याला बाजारात विकायला लावलं. मामा काही बोलला नाही, मीही नाही. निघताना चांद्या माझा हात चाटत होता.

मामा आता नाही. मामी, चांद्यानं मारलं नव्हतं. मी मारलं होतं.